जुन्या स्वेटरातला हत्ती

जयपूरला आलो त्या पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस शेजारच्या भाभींनी गच्चीवरून हाक मारून सांगितलं, "ऊन को धूप दिखा दो." उन्हाला ऊन कसं दाखवायचं, हे कोडं सुटायला मला थोडा वेळ लागला. इथली 'ऊन' म्हणजे आपली लोकर. आता होळी झाली की आमच्या खातीपुरा भागातल्या बाकीच्या गच्च्यांसारखीच माझीही गच्ची स्वेटर, मफलर, माकडटोप्या आणि शालींनी भरून जाते. थंडी तीनच महिने असते, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. पुण्यात एक स्वेटर दहा वर्षं पुरायचा. इथे तो रोज अंगात असतो, आणि मुलं तर दर वर्षी बाहीतून बाहेर येतात. त्यामुळे ऊन दाखवून झाल्यावर एक ढीग उरतोच: कोपरावर विरलेले, आखूड झालेले, कसर लागलेले.

हा ढीग बोहारणीला दिला की एखादी स्टीलची वाटी मिळते. इथेही जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका गल्लीतून फिरतात. अशा लोकरी कपड्यांचं मोठं ठिकाण म्हणजे पानिपत. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. लोकरवाल्यांना आठवतात चिंध्या. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे तिथे येतात, रंगांप्रमाणे वेगळे होतात, फाडून-पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताची ब्लँकेटं निघतात. या सुताला 'शॉडी' म्हणतात. १८१३ साली इंग्लंडमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉने ही युक्ती काढली. तेव्हा तुमचा स्वेटर वाया जात नाही, हे मनाला सांगून ढीग देऊन टाकायला काहीच हरकत नाही. फक्त त्यातला एक बाजूला काढा. त्याचा हत्ती करू.

हत्तीच का? जयपूरचं हत्तीगाव आमेरजवळ आहे म्हणून नव्हे. त्याचे पाय जाड, मान जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात तो उभा राहतो. उंट मात्र नवशिक्याने उभा करू नये. चार काटक्या आणि लांब मान यांवर तो दोन दिवसांत कलंडतो. करायचाच असेल तर पाय दुमडून बसलेला करा. आणि शिवलेल्या प्राण्यांच्या धंद्याची सुरुवातही हत्तीनेच झाली आहे. जर्मनीतल्या गींगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ (जन्म १८४७) यांना बालपणीच पोलिओ झाला होता. पाय गेलेले, उजवा हात दुखरा, तरी त्या शिवणकाम करत. १८८०च्या सुमारास एका फॅशन मासिकातल्या नमुन्यावरून त्यांनी लोकरीच्या नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचायला. घरातल्या पोरांनी तो पळवला आणि खेळणं करून टाकलं. टेडी बेअर त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आला.

आता स्वेटरकडे. माझं अर्ध्याहून जास्त सांगणं कात्री लावण्याआधीचंच आहे, कारण बिघडतं ते तिथेच. आपण आधी प्राणी ठरवतो आणि मग हाताला लागेल तो स्वेटर कापतो. उलट करा. आधी स्वेटर कशाचा आहे ते बघा. दुकानदार 'वूलन' म्हणतो त्यातले निम्म्याहून जास्त स्वेटर लोकरीचे नसतात, ॲक्रिलिकचे असतात. आपल्या आईच्या पिढीने त्याला कॅशमिलॉन म्हटलं आणि हौसेने विणलं. हाताला दोन्ही मऊच लागतात, म्हणून जाळून बघा. आतल्या शिवणीतून बोटभर धागा ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि मागे काळा टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात थोडं हे, थोडं ते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, म्हणून ती शाळेत गेल्यावर करा.

अस्सल लोकर निघाली तर नशीब. तिच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण मिळाला की ते उघडतात, चोळलं की एकमेकांत अडकतात, आणि ती अडकण मग सुटत नाही. वीण मिटते, कापड आटतं, जाड होतं, आणि मुख्य म्हणजे कापल्यावर उसवत नाही. चांगला स्वेटर मशीनमध्ये टाकून तो बाहुलीच्या मापाचा करण्याचा पराक्रम प्रत्येक घरात एकदा होतो. इथे तोच मुद्दाम करायचा आहे. जयपूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या टोंकला याच तत्त्वावर नमदे बनतात: पिंजलेल्या लोकरीचे थर, साबणाचं पाणी, आणि गुंडाळून रगडणं. त्याच जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ अविकानगरला १९६२पासून केंद्र सरकारची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे. म्हणजे या भागाला लोकर नवी नाही. आपल्याकडे याच जातीच्या कापडाला बुरणूस म्हणतात, कोल्हापूरकडे जेन. माझ्या आजीकडे देवपूजेला बसायला जेन होतं. ते कसं बनतं हे मला कळलं खातीपुऱ्यात, बादलीत स्वेटर चोळताना.

एक अट मात्र आहे. हाताने विणलेला, धागा शाबूत असलेला स्वेटर आटवू नका. तो उसवा, गुंडे करा, पुन्हा विणा. एकदा आटवलेली लोकर उसवता येत नाही. कात्रीच्या वाट्याला येऊ द्या तो जागोजागी विरलेला किंवा कसरीने चाळण केलेला. आणि आईने विणलेल्या स्वेटरवर हात धजत नसेल तर तो तसाच ठेवा. दुसरा घ्या.

मशीनला पाणी तापवायची सोय असेल तर काम सोपं. स्वेटरची बटणं, चेन, लेबलं काढा. तो उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर सुटलेली लोकर मशीनच्या पंपात जाऊन बसते. सोबत एखादी जुनी जीन्स टाका म्हणजे घासणी मिळते. साठ अंशांवर, नेहमीचा साबण, लांबलचक चक्र. गडद रंग वेगळे धुवा, ते सुटतात. तापवायची सोय नसेल तर बादलीत सोसेल तितकं गरम पाणी, हातात रबरी मोजे, आणि कपडे घासायच्या फळीवर अर्धा-पाऊण तास रगडणं. मधेच गार पाण्यातून काढा, पुन्हा गरमात. मे महिन्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. तेवढ्यावर भागेल असं मला एके वर्षी वाटलं होतं. भागलं नाही. बोअरचं जड पाणी असेल तर साबण फेस धरत नाही, तेव्हा तो जरा जास्त घ्या.

झालं कधी म्हणायचं? कापड दोन्ही हातांनी ताणा. टाके वेगवेगळे दिसत असतील तर अजून एक फेरी. कडेला छोटी चीर देऊन ओढा. धागा सुटला नाही तर झालं. लांबी-रुंदी साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने कमी होते. फार आटवूही नका. बोटाएवढ्या जाड कापडाची सोंड उलटताना डोळ्यांत पाणी येतं. आणि लेबलावर 'मशीनमध्ये धुवा' असं असलेली लोकर दोन-तीन फेऱ्यांतही हलली नाही तर सोडून द्या. तिचे खवले कारखान्यातच गुळगुळीत केलेले असतात. धुतल्यावर टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि बाजेवर पसरून वाळवा. टांगलं तर ओल्या वजनाने लांबतं. इथल्या कोरड्या हवेत मार्चमध्ये एक दिवस पुरतो, कोकणातल्या वाचकांनी तीन धरावेत.

ॲक्रिलिक निघालं तर हताश होऊ नका. ते आटत नाही, पण त्याला कसर लागत नाही आणि ते धुवायला सोपं. फक्त त्याची वीण सुटते, म्हणून शिंप्याचा क्रम उलटा करा: आधी शिवण, मग कात्री. उलट्या बाजूला मलमलीचं अस्तर लावा, त्यावर नमुना खडूने काढा, दोन्ही थर समोरासमोर ठेवून रेघेवरून दोनदा टीप मारा, आणि मग रेघेबाहेर एक सेंटिमीटर सोडून कापा. अस्तर नसेल तर पोट भरताना वीण पसरते आणि आतला कापूस डोकावतो.

घोंगडं हा तिसरा प्रकार, आणि तो मराठी घरातच सापडतो. आमच्या सासूबाईंनी सांगलीकडचं एक फाटकं घोंगडं भाच्याबरोबर पाठवलं होतं. भाचा खातीपुरा स्टेशनचं तिकीट काढून आला आणि तिथेच उतरला. जयपुरात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: खातीपुरा स्टेशन शहराच्या पूर्वेला, जगतपुऱ्याच्या बाजूला आहे, आणि आमचा खातीपुरा पश्चिमेला झोटवाडा-वैशालीनगरपाशी. घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती आधी काढावी लागते. रात्रभर कोमट पाण्यात टाका. एरवी भिजत घोंगडं ठेवणाऱ्याला आपण नावं ठेवतो, इथे तेच शहाणपणाचं. ही लोकर राठ असते, टोचते. गालाशी घ्यायच्या खेळण्याला नको, पण शोभेचं अस्वल किंवा पोळ्याचा काळा बैल हिच्यासारखा दुसऱ्या कशाचा होत नाही.

आता हत्ती. वर्तमानपत्रावर बाजूने दिसणारा हत्ती काढा: वीस सेंटिमीटर लांब, पंधरा उंच, सोंड वेगळी न करता डोक्यालाच जोडून खाली आलेली. पाय सहा सेंटिमीटर रुंद ठेवा, दिसायला जरा बोजड वाटले तरी. या आकाराच्या दोन बाजू, एक डावी, एक उजवी. दोन्ही एकाच तोंडाच्या कापल्या तर एक हत्ती वाया जातो, आणि हे प्रत्येकाकडून एकदा होतंच. मग त्याच नमुन्याचा छातीपासून शेपटीपर्यंतचा खालचा भाग पायांसकट पुन्हा काढा. हा पोटाचा तुकडा, तोही डावा-उजवा असा दोन. कानांचे चार तुकडे. मोठ्या माणसाच्या आटलेल्या एका स्वेटरमध्ये एवढं बसतं. विणीच्या उभ्या ओळी पायांच्या दिशेने येऊ द्या. विणलेलं कापड आडवं जास्त ताणलं जातं, आणि तो ताण पायाच्या लांबीत आला तर हत्ती हळूहळू गुडघ्यांत बसतो. शिवणीसाठी सगळीकडे सहा मिलिमीटर धरा.

तळपायांचा हिशोब पुष्कळजणी अंदाजाने करतात आणि फसतात. पाय सहा सेंटिमीटरचा, दोन्हीकडे शिवण गेल्यावर राहिला चार पूर्णांक आठ, पुढचा-मागचा मिळून घेर साडेनऊच्या आसपास. एवढ्या घेराचं वर्तुळ तीन सेंटिमीटर व्यासाचं, त्यात शिवण मिळवली की सव्वाचार. एवढ्या चकत्या चार कापा, शक्य तर गडद रंगाच्या.

मी हाताने शिवते. दुहेरी पॉलिएस्टर दोरा, उलट टीप, तीन मिलिमीटरचा टाका. मशीनवर शिवायचं तर गोल टोकाची सुई आणि मोठा टाका लावा. साध्या सुईने धागे तुटतात. आधी पोटाचे दोन तुकडे मधोमध जोडा आणि त्या शिवणीत सहा सेंटिमीटर उघडं ठेवा. भरायची जागा नेहमी सरळ शिवणीत असावी, वळणावर ती कधी नीट मिटत नाही. मग पोट दोन्ही बाजूंना पायांकडून जोडा, त्यानंतर छातीपासून सोंडेवरून, डोक्यावरून, पाठीवरून शेपटीपर्यंत एकच लांब शिवण. तळपाय सगळ्यात शेवटी, आधी कच्च्या दोऱ्याने धरून. सोंडेच्या आतल्या वळणाला दोन-तीन बारीक चिरा द्या, आटलेली लोकर असेल तरच. विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने उलटा. कात्रीच्या टोकाने उलटणाऱ्यांना मी काही सांगत नाही, भोक सांगेल.

भरण्याबद्दल जयपुरात वाद होतो, कारण इथे रजईवाले सगळे कापसाचे तज्ज्ञ. हलकी जयपुरी रजई कापसाचीच खरी. पण खेळणं धुवावं लागतं, आणि एकदा भिजलेल्या कापसाच्या पोटात गाठी होतात. मी निम्मं फायबर आणि निम्मे त्याच स्वेटरचे नखाएवढे कातरलेले तुकडे घेते. त्याने वजन येतं, हातात जीव लागतो. 'खाती' म्हणजे राजस्थानात सुतार. नावाला जागून कुणी भुसा सुचवेल. जुन्या जर्मन अस्वलांत लाकडाचे केसासारखे कीस खरंच भरत. आपण ते करू नये, ओल धरतं. तांदूळ, मूग, मोहरी तर नकोच, पावसाळ्यात आतून किडे चालू लागतात. चिमूट-चिमूट भरा, सोंडेच्या टोकापासून आणि पायांपासून सुरुवात करून. मोठा गोळा कोंबला की बाहेरून गुडघ्याला गळू झाल्यासारखा दिसतो. मान आणि पायांचे वरचे सांधे दगडासारखे घट्ट, पोट जरा सैल.

चेहरा घाईने करू नका. दोन काळ्या डोक्याच्या टाचण्या घ्या आणि जागा बदलत बघा. डोळे खाली आणि दूर नेले की हत्ती लहान मूल दिसतो, वर आणि जवळ घेतले की शाळा तपासणीला आलेला साहेब. जागा ठरली की टाचण्या काढा, मोजून दोन्ही. डोळे भरतकामाच्या काळ्या दोऱ्याने भरा. दोरा एका डोळ्यातून डोक्याच्या आरपार दुसरीकडे नेऊन किंचित ओढला की खोबणी पडते आणि नजर येते. बटणं, मणी, टिकल्या तीन वर्षांखालच्या मुलासाठी नकोत. जुन्या शहराच्या बाजारात चिंध्यांच्या हत्ती-पोपटांच्या माळा मिळतात. त्या दाराला सुंदर दिसतात, पण आरसे लावलेलं काही तान्ह्याच्या हाती देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तर झोपायच्या जागी कुठलंच मऊ खेळणं नको, आजीने शिवलेलं असलं तरी. कानांना आतून सांगानेरी छापाची चिंधी लावा, शेपटीला त्याच स्वेटरच्या धाग्यांची वेणी घाला. सगळं झालं की सोंड, कान, शेपटी धरून जोरात ओढा. तुटायचं ते तुमच्या हातात तुटू दे.

डांबराच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं राहिलेला स्वेटर असेल तर तो दोनदा धुवून, आठ-दहा दिवस वाऱ्यावर ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. त्यातलं नॅप्थलीन मुलांना चांगलं नाही, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. कसरीला डांबरगोळीच लागते असंही नाही. कसरीच्या अळ्यांना घामाची, खरकट्याची लोकर जास्त आवडते. स्वच्छ धुतलेलं खेळणं हाताळलं जात असेल तर तिकडे ती फिरकत नाही. शंका आली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. भाजी घ्यायला गेलेला माणूस तिथे हत्ती बघून दचकतो, तेवढं सोसावं लागतं. धुवायला रिठ्याचं पाणी उत्तम, पण गार. गरम पाणी दाखवलंत तर हत्ती आणखी लहान होईल.

चार हत्ती झाले की कुणीतरी म्हणतंच, विकायला ठेवा. घरच्या-दारच्या मुलांना द्यायला काही आडकाठी नाही. विक्रीचं मात्र वेगळं आहे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा २०२०चा आदेश १ जानेवारी २०२१पासून लागू आहे, आणि त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा प्रदर्शनात टेबल मांडायचं असेल तर आधी नोंदणीची चौकशी करा, मग कापड आटवायला घ्या.

आणि हत्ती देताना एका पाकिटात त्याच रंगाचा थोडा दोरा आणि तळहाताएवढं कापड ठेवून द्या. मुलं हत्तीला सोंडेनेच ओढत नेतात, त्यामुळे पहिली उसवते ती सोंडेखालची शिवण. आमच्या पहिल्या हत्तीची ती तीनदा शिवून झाली. तिसऱ्या वेळी करडा दोरा संपला होता, म्हणून लाल घेतला. आता हत्ती हरवला की गल्लीतली मुलं लाल टाक्यावरून ओळखून आणून देतात.